वेसाव्याचा किल्ला आणि वेसाव्याची खाडी

(अंधेरी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अंधेरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लोकलची गर्दी, औद्योगिक वसाहत, चित्रपटसृष्टी आणि मेट्रो उभी राहते. या उपनगराला इतिहास आहे, हे सांगितले तर ऐकणाराच चकित होतो. वस्तुतः अंधेरीच्या परिसरात अशी दोन स्थाने आहेत, की ती अन्य कोणत्याही देशात असती तर तेथील शाळकरी मुलांना सहलीने दाखवायला नेली असती. पहिले स्थान म्हणजे गिल्बर्ट हिल. ज्वालामुखीच्या रसातून घडलेला हा उभ्या खांबांचा काळा कडा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा असून साठ मीटरहून उंच आहे. त्याच्या माथ्यावर गावदेवी आहे. दुसरे स्थान म्हणजे जोगेश्वरीची लेणी. इसवी सनाच्या सहाव्या शतकात खोदलेले हे विशाल शैवमंदिर असून त्यातील देवीचे नावच पुढे सगळ्या उपनगराला मिळाले.

या दोन्ही स्थानांचे आज काय झाले आहे? गिल्बर्ट हिलला १९५२ मध्ये संरक्षण मिळाले, २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीचे स्थान दिले. परंतु मधल्या काळात त्याच्या भोवतीचा डोंगर खडीसाठी फोडला गेला, पायथ्याशी वस्ती आणि इमारती आल्या. आता त्या कड्यापाशी उभे राहून तो पूर्ण पाहावा म्हटले तर मान वर करण्यापुरतीही मोकळी जागा सापडत नाही. जोगेश्वरीची लेणी कायद्याने संरक्षित स्मारक आहेत. तरीही लेण्यांच्या माथ्यावरच घरे उभी राहिली आणि सांडपाणी कातळात झिरपू लागले. तेव्हा संरक्षण म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयापर्यंत न्यावा लागला.

दोन्ही ठिकाणी दगड राहिला, पण त्याचा परिसर गेला. शासनदरबारी ही स्थाने सुरक्षित आहेत, समाजाच्या मनातून मात्र ती पुसली गेली आहेत. वास्तूला तिच्या परिसरापासून तोडले की ती आपल्याशी बोलेनाशी होते. ही गोष्ट ध्यानात घेऊन अंधेरीच्या तिसऱ्या वारशाकडे पाहिले पाहिजे. तो अद्याप पुरता हातचा गेलेला नाही. तो वारसा म्हणजे वेसावे.

खाडीमुखावरचे गाव

सरकारी कागदावर आणि मेट्रोच्या पाटीवर 'वर्सोवा' असले, तरी गावाचे आपले नाव वेसावेच. समुद्रावरून थकून आलेल्याला विसावा देणारी जागा म्हणून वेसावे, अशी लोकव्युत्पत्ती गावात सांगितली जाते. व्युत्पत्तीचा निर्णय भाषापंडितांनी करावा, मात्र भूगोल या कथेच्या बाजूने साक्ष देतो. आरेच्या टेकड्यांतून निघणारी ओशिवरा नदी आणि मालाडकडून येणारे खाडीचे पाणी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या एका काठावर वेसावे आहे आणि दुसऱ्या काठावर मढ. उघड्या समुद्रावरून येणाऱ्या होडीला या मुखातून आत शिरले की लाटांपासून आसरा मिळतो. खाडीच्या आतल्या बाजूस दूरवर पसरलेली तिवरे काठ धरून ठेवतात, भरतीचे पाणी जिरवतात आणि माशांच्या पिलांना वाढायला जागा देतात. असे सुरक्षित मुख मिळाले म्हणूनच येथे कोळीवाडा वसला.

खाडीचे मुख ज्याच्या हाती, त्याच्या हाती आतला सारा मुलूख, हे जलयुद्धाचे जुने सूत्र आहे. म्हणूनच पोर्तुगीजांनी मढच्या टोकाशी किल्ला बांधला. लोक त्याला मढचा किल्ला म्हणतात, इतिहासात तो वेसाव्याचा किल्ला म्हणून ओळखला जातो. गाव एका तीरावर, त्याचा किल्ला दुसऱ्या तीरावर आणि मध्ये खाडी, अशी ही रचना आहे. यातले एक अंग काढले तर उरलेल्या दोहोंचा अर्थ लागत नाही. पाणी नसेल तर किल्ला तेथे का आहे हे कळत नाही, आणि गाव नसेल तर तो किल्ला कशावर नजर ठेवत होता हे कळत नाही.

१७३९ चे स्मरण

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्याबरोबर साष्टी बेटही परकीय सत्तेखाली गेले. ज्याला आज पश्चिम उपनगरे म्हणतात, तो बहुतेक सारा प्रदेश या साष्टीत मोडतो. त्यानंतरची दोनशे वर्षे येथील हिंदू समाजासाठी देवळांच्या विध्वंसाची आणि धर्माचरणावरील निर्बंधांची होती. या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागणाऱ्यांमध्ये अंजूरचे गंगाजी नाईक होते आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळेही होते. वेसाव्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला असलेले मालाड ते हेच. वसईची मोहीम पुण्यात आखली गेली खरी, पण तिचे बीज याच उपनगरांच्या मातीत पडले होते, हे येथे राहणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने ठाणे घेतले आणि साष्टीत पाय रोवला. परंतु खाडीमुखे पोर्तुगीजांच्या हाती असेपर्यंत त्यांना समुद्रमार्गे रसद मिळत राहणार होती. म्हणूनच या मोहिमेचा इतिहास एकामागून एक खाडीमुखे जिंकत जाण्याचा इतिहास आहे. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर मराठ्यांनी घेतले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. पाठोपाठ फेब्रुवारीत वेसाव्याच्या किल्ल्यावर भगवा चढला. वसईच्या खाडीवरचे धारावी घेतले गेले आणि अखेर मे १७३९ मध्ये वसई पडली. पराभूत पोर्तुगीज सैन्याला सन्मानाने निघून जाऊ दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहातच दिली गेली. विजयाच्या क्षणी दाखवलेला हा संयम हिंदवी राज्याच्या परंपरेला साजेसाच होता. वेसाव्यात आजही हिंदू कोळी आणि ख्रिस्ती कोळी एकाच बंदरात होड्या लावतात, त्याचे मूळ या उदारतेत शोधावे लागेल.

वेसावे मराठ्यांच्या हाती जेमतेम पस्तीस-छत्तीस वर्षे राहिले. राघोबादादांच्या प्रकरणात पुण्याचे घर दुभंगले आणि त्या फटीतून इंग्रज आत शिरले. १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाणे घेतले, लगोलग वेसावेही घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. परकीयांच्या तोफांनी जे होत नाही ते घरच्या भाऊबंदकीने होते, हा धडा वेसाव्याच्या किल्ल्याइतका स्पष्ट फार थोड्या ठिकाणी वाचता येतो.

जिवंत वारसा

वेसाव्याचा इतिहास १७८२ मध्ये संपला नाही. किल्ला ओस पडला, गाव मात्र जागेच राहिले. येथील मासेमारीत डोल जाळ्याला मोठे स्थान आहे. हे जाळे समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने त्याचे तोंड उघडते आणि प्रवाहाबरोबर येणारा बोंबील, करंदी, जवळा त्यात अडकतो. म्हणजे येथील कोळ्याचे खरे यंत्र पाण्याचा प्रवाह हेच होय. तो बदलला, गढूळला किंवा अडला की पिढ्यान् पिढ्यांचे गणित चुकते. मासळी किनाऱ्यावर आली की वलांड्यांवर बोंबील वाळत घालायला उघडी, वाऱ्याची जागा लागते. होड्या ओढून ठेवायला, जाळी विणायला, दुरुस्त करायला अंगण लागते. बाहेरून आलेल्या माणसाला जी पडीक मोकळी जागा वाटते, तो गावाचा कारखाना असतो.

या श्रमजीवनाला धर्माचे अधिष्ठान आहे. हिंगलाज या प्राचीन शक्तिपीठाच्या नावाशी नाते सांगणारी हिंगळादेवी येथे नांदते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय हंगाम सुरू होत नाही. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली अशी गावाची रचना असून प्रत्येक गल्लीचा शिमगा मानाचा. वेसाव्याची कोळीगीते तर साऱ्या महाराष्ट्राच्या लग्नघरांत वाजतात. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, असा विदर्भातला मुलगाही त्यांच्या ठेक्यावर नाचतो. निसर्गाला देव मानून त्याच्या आज्ञेत राहणारी ही जीवनपद्धती कोणा तज्ज्ञाने बैठकीत लिहून काढलेली नाही. पावसाळ्यात मासळीच्या विणीच्या काळात समुद्रात न जाण्याचा नियम कोळ्यांनी पाळला, त्यानंतर कितीतरी काळाने शासनाने तो कायद्यात आणला.

राष्ट्राच्या सुरक्षिततेशीही या गावांचे नाते आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले, तेव्हा कुलाब्याच्या किनाऱ्यावर त्यांना पहिल्यांदा हटकले ते कोळी बांधवांनीच. अनोळखी होडी आणि अनोळखी माणूस ओळखण्याची ही नजर किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिल्यानेच येते. कोळीवाडा उठवून तेथे मनोरे बांधले, तर तिसाव्या मजल्यावरून समुद्र अधिक दूरवर दिसेल खरा, पण त्या समुद्रातील परकी होडी कोणती हे ओळखणारा डोळा तेथे नसेल.

संकट कोठून येते

वेसाव्यावरचे संकट एका दिशेचे नाही. वरच्या अंगाने उपनगरांचे सांडपाणी आणि कचरा खाडीत येतो. राडारोडा टाकून तिवरे मारली जातात, काठ सैल होतो, गाळ साचतो आणि मग होड्यांना बंदरात शिरण्यासाठी भरतीची वाट पाहत बाहेर थांबावे लागते. जे खाडीमुख विसाव्यासाठी होते, तेथेच आता ताटकळावे लागते. तिवरांचे मोल या शहराला २६ जुलै २००५ रोजी कळायला हवे होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्याला जायला वाट उरली नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली, २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०१८ च्या निकालात तिवरांभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखण्याचे बंधन घातले गेले.

दुसरे संकट जमिनीचे आहे. कोळीवाड्यातील घराचे मालमत्ता पत्रक असू शकते, पण वलांड्यांची जागा, होड्या लावायचा किनारा, जाळी विणायचे मैदान ही सारी सामाईक वहिवाट आहे. कागदावर ती कोणाच्याच नावे नसते, म्हणजे व्यवहारात ती कोणाच्याही हाती जाऊ शकते. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे तयार करून त्यांना स्वतंत्र दर्जा देण्याची तरतूद झाली. त्यानंतर विकास आराखडा आला, २०१९ ची नवी अधिसूचनाही आली, पण सीमांकनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. ज्या गावाची सीमाच निश्चित नाही, त्याला झोपडपट्टी ठरवणे फार सोपे असते. शतकानुशतके एका जागी राहिलेल्या माणसाला स्वतःच्या गावात अतिक्रमणकर्ता ठरवले जाण्यासारखा दुसरा अपमान नाही.

तिसरे संकट आतले आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे कर्तव्य आहे. २०२४ मध्ये महापालिकेने वेसाव्यातील काही अनधिकृत बहुमजली इमारती पाडल्या. अशा इमारती आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी जागा देतो, कोणीतरी पैसा लावतो, कोणीतरी डोळेझाक करतो आणि शेजारी गप्प बसतो. तरुण पिढीला मासेमारीत भवितव्य दिसत नसेल आणि घरात माणसे वाढली असतील, तर मोह होणारच. म्हणूनच नुसत्या उपदेशाने हा प्रश्न सुटणार नाही. वाढत्या कुटुंबाला आपल्याच गावठाणात, गावाच्या उंचीला आणि गल्लीच्या रुंदीला शोभेल असे घर नियमाने बांधता आले पाहिजे. नियम मिळत नाही म्हणून माणूस नियम मोडतो आणि मग त्याच्या आडून बाहेरचा धनदांडगा पाच मजले चढवतो.

पूल हवा की खाडी?

खाडीमुखाच्या आसपास आता तीन मोठी कामे येत आहेत. वांद्र्याहून येणाऱ्या सागरी सेतूचे वेसाव्याकडील टोक हे पहिले. वेसावे आणि मढ यांना जोडणारा पूल हे दुसरे, आणि वेसाव्याहून उत्तरेस भाईंदरच्या दिशेने जाणारा सागरी किनारा मार्ग हे तिसरे. या मार्गासाठी हजारो तिवरांवर कुऱ्हाड येणार आहे.

वेसावे-मढ अंतर आज फेरीबोटीने काही मिनिटांचे आहे, रस्त्याने मात्र मालाडला वळसा घालून वीस किलोमीटरच्या आसपास जावे लागते. पावसात फेरी बंद पडली की मढच्या रुग्णाला आणि विद्यार्थ्याला काय सोसावे लागते, हे अलीकडच्या काठावर बसून सांगता येणार नाही. त्यामुळे पुलाला सरसकट विरोध करणे न्यायाचे नाही. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव देण्याचा निर्णय घेतला, याचा आनंद प्रत्येक राष्ट्रभक्ताला झाला. सावरकर स्वतः यंत्रयुगाचे आणि विज्ञाननिष्ठेचे कट्टर पुरस्कर्ते होते. पण त्याच सावरकरांनी मराठ्यांच्या इतिहासाचे अभिमानपूर्वक लेखन केले, हेही विसरता येत नाही. त्यांच्या नावाचा सेतू ज्या तीरावर उतरतो, तेथील मराठ्यांच्या विजयाची खूणच झाकोळली गेली, तर त्या नावाचा मान राखला असे कसे म्हणावे?

तेव्हा 'पूल हवा की खाडी?' हा प्रश्नच चुकीचा आहे. पुलाचे खांब प्रवाहाच्या कोणत्या भागात येतील, त्यांच्या पायथ्याशी गाळ साचणार नाही ना, मोठ्या होड्या डोलकाठीसह खालून जातील का, जोडरस्ता वलांड्यांच्या मैदानावर तर येत नाही ना, आणि गावातून खाडीपार दिसणारी क्षितिजरेषा पूल झाल्यावर कशी दिसेल, हे विचारण्याजोगे प्रश्न आहेत. यांची उत्तरे आराखडा पक्का होण्यापूर्वी द्यावी लागतात. काँक्रीट ओतल्यानंतर दिलेले उत्तर हे उत्तर नसते, ती केवळ सबब असते.

जगाने याची किंमत मोजली आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराजवळील एल्ब नदीचे खोरे २००४ मध्ये जागतिक वारसा ठरले. तेथील ऐतिहासिक दृश्याच्या मधोमध चौपदरी पूल बांधला गेला आणि २००९ मध्ये तो दर्जा काढून घेण्यात आला. इंग्लंडमध्ये मर्सी नदीच्या मुखावरील लिव्हरपूल बंदरालाही २००४ मध्येच हा मान मिळाला होता. गोदीच्या काठावर नव्या बांधकामांची रांग उभी राहू लागली आणि जुलै २०२१ मध्ये तेही यादीतून वगळले गेले. दोन्ही ठिकाणी जुन्या इमारती जागेवर होत्या. गेला होता तो त्यांचा परिसर, आणि परिसर गेला म्हणजे वारसा गेला, असाच निवाडा झाला.

याच्या उलट अनुभव भारताला नुकताच आला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. त्या नामांकनाचे शीर्षकच 'मराठा लष्करी भूप्रदेश' असे आहे. डोंगर, खाडी, समुद्र आणि त्यांवर बांधलेला दुर्ग हे सारे मिळून एक भूप्रदेश होतो, हे मराठ्यांच्या दुर्गविद्येचे मर्म जगाने मान्य केले. जे सिंधुदुर्गाच्या बाबतीत खरे आहे, ते वेसाव्याच्या बाबतीत खोटे कसे ठरेल? वेसाव्याचा किल्ला त्या बारांत नाही आणि त्याची भव्यताही तेवढी नाही. परंतु घरातला लहान दिवा लहान आहे म्हणून कोणी विझवत नाही.

समाजाने काय करावे

केवळ खंत व्यक्त करून सभा संपवण्याची सवय आपल्या समाजाला जडली आहे. वेसाव्यापुरती तरी ती मोडता येईल. काही कामे शासनाची आहेत. कोळीवाड्याचे सीमांकन पूर्ण करून त्यात घरांबरोबरच वलांड्यांची मैदाने, होड्यांचे काठ आणि देवस्थानांच्या जागा नकाशावर नोंदवणे, हे पहिले काम. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि तिच्यात एकेकट्या वास्तूबरोबर संपूर्ण परिसर संरक्षित करण्याची सोय आहे. तिचा आधार घेऊन गाव, खाडीमुख आणि किल्ला यांचा एकत्रित विचार करणे, हे दुसरे. किल्ला हवाई दलाच्या ताब्यातील भागात आहे. संरक्षणाची गरज सर्वोपरी आहे यात शंका नाही. तरीही चित्रपटांच्या चित्रीकरणात जो किल्ला दिसतो, तो वर्षातून काही ठरावीक दिवशी शिस्तबद्ध गटांना आणि विद्यार्थ्यांना पाहता यावा, अशी विनंती संबंधितांना करता येईल. आपले सैन्यदल इतिहासाचा मान राखणारेच आहे.

पण शासनावर सोडलेली कामे शासनातच राहतात. अंधेरीच्या शाळांनी गिल्बर्ट हिल, जोगेश्वरी आणि वेसावे अशी एक दिवसाची सहल दरवर्षी न्यावी. त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. फेब्रुवारीत वेसावे-विजयाचे आणि मे महिन्यात वसई-विजयाचे स्मरण गावोगावच्या शाखांनी व मंडळांनी करावे, आणि ते करताना अंताजी रघुनाथ व गंगाजी नाईक यांची नावे आवर्जून घ्यावीत. गावातील वृद्धांकडे बंदराच्या, खडकांच्या, वाऱ्यांच्या आणि जाळ्यांच्या ज्या संज्ञा आहेत, त्या लिहून ठेवाव्यात. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था याच वेसाव्यात १९६१ पासून आहे. तिच्या अभ्यासकांचे ज्ञान आणि कोळ्यांचे परंपरागत ज्ञान एकत्र आले, तर खाडीच्या प्रश्नावर केवळ भावनेने नव्हे, तर आकडेवारीनिशी बोलता येईल. कायद्याची जाण असलेल्या मध्यमवर्गीय बांधवांनी हरकती व सूचनांच्या मुदती पाहाव्यात आणि गावकऱ्यांना अर्ज लिहून द्यावेत. सुशिक्षित समाजाने कोळी बांधवांचे एवढे ऋण तरी फेडावे.

हे होऊ शकते, याचा पुरावा वेसाव्याच्याच वाळूत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन कचऱ्याने भरलेला हा किनारा साफ करायला सुरुवात केली. दर आठवड्याला माणसे वाढत गेली. मे २०१७ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या कामाचा गौरव केला. आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिले याच वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे चालू लागली. किनारा स्वच्छ झाला आहे हे कासवांना कोणत्याही अहवालाने कळवले नव्हते. सृष्टी माणसाच्या अपराधांची क्षमा किती लवकर करते, याचे हे दर्शन होते. अट एकच होती, माणसाने अपराध थांबवायला हवा होता.

वेसाव्याच्या धक्क्यावर संध्याकाळी उभे राहिले की आजही एका नजरेत सारे सामावते. परतणाऱ्या होड्या, त्यांच्यावरची निशाणे, मासळी उतरवून घ्यायला पुढे झालेल्या कोळिणी, पलीकडे मढची काळसर किनारपट्टी आणि त्या टोकाचा दुर्ग. चिमाजी अप्पांच्या मावळ्यांनी हीच खाडी पाहिली होती. गिल्बर्ट हिलच्या बाबतीत मागच्या पिढीला उशीर झाला, जोगेश्वरीच्या बाबतीत तर फारच उशीर झाला. वेसाव्याच्या खाडीत अजून पाणी आहे, तीरावर अजून गाव आहे आणि गावात अजून देवी जागी आहे. या पिढीला उशीर झाला असे पुढच्या पिढीने म्हणू नये, एवढे या सभेतून उठताना प्रत्येकाने मनाशी ठरवले, तरी आजचे येणे सार्थकी लागेल.